पुसलेले पूरबिंदू: हँडहेल्ड जीपीएसमधला डेटा परत मिळवण्याचं एक प्रकरण

यंत्र होतं गार्मिनचं ईट्रेक्स २०, दोन पेन्सिल सेलवर चालणारं, मुठीत मावणारं. मालक भूगोलाचे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांचे जुने विद्यार्थी त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. यंत्रात साडेचारशेच्या आसपास जागा साठवलेल्या होत्या. त्या होत्या पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी जिथवर चढलं तिथल्या खुणांच्या. २०२३ च्या जुलैत एका संध्याकाळी त्यांतली एकही जागा यंत्रात दिसेना. सरांचा फोन आला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ‘परत मिळेल का?’ असा नव्हता. “यंत्र चालू ठेवू की बंद करू?” असं त्यांनी विचारलं. पुढचं बरंचसं काम त्या प्रश्नामुळेच सोपं झालं.

हे बिंदू इतके मोलाचे का, ते आधी सांगतो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पण बंधाऱ्यावरचा आकडा बंधाऱ्यापुरता असतो. चिखली-आंबेवाडीत, सुतारवाड्यात, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत किंवा खाली शिरोळ तालुक्यात कुरुंदवाडला पाणी कुठल्या घराच्या कितव्या पायरीपर्यंत आलं, हे त्यावरून कळत नाही. ते भिंतीवर कळतं. पाणी ओसरलं की गाळाची एक रेघ मागे राहते, जवळपास पट्टीने मारल्यासारखी सरळ. मग दिवाळीच्या तोंडावर घर धुतलं जातं, रंग लागतो आणि रेघ जाते. काही ठिकाणी लोकांनी हौसेने तारीख घालून खूण रंगवून ठेवली आहे, पण ती थोड्याच ठिकाणी. म्हणजे सरांनी आणि त्यांच्या विद्यार्थी पोरांनी चिखलातून फिरत घेतलेल्या या नोंदी पुन्हा घेण्याजोग्या नव्हत्या.

त्यांची पद्धत साधी आणि योग्य होती. हातातल्या जीपीएसला उघड्या आभाळाखाली जागा तीन ते पाच मीटरच्या फरकाने सापडते. उंचीच्या बाबतीत मात्र त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि पुरात तर सहा इंचांनी घर वाचतं किंवा बुडतं. म्हणून ‘कुठे’ हे यंत्रात साठवायचं आणि ‘किती’ हे टेपने मोजून वहीत लिहायचं: तालमीची मागची भिंत, जोत्यापासून ६ फूट ४ इंच, स. ९.४०. एका नोंदीचे असे दोन तुकडे, दोन ठिकाणी. फोन का नाही वापरला, असं पोरांपैकी कुणीतरी विचारलं होतं म्हणे. पुरानंतरच्या त्या दिवसांत वीज नव्हती, रेंज नव्हती आणि ओल्या बोटाने फोनचा पडदा काही केल्या ऐकत नाही. सेल बदलले की यंत्र पुन्हा सुरू होतं, आणि डबक्यात पडलं तरी सहसा मरत नाही.

आता घटना. जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला कोल्हापूरचे जथेच्या जथे जातात. मसाई पठारावर धुकं उतरलं की दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही, म्हणून सरांच्या एका विद्यार्थ्याच्या धाकट्या भावाने यंत्र मागून नेलं. निघायच्या आदल्या रात्री त्याने ते चालू केलं, तर नकाशाच्या खालच्या अंगाला निळ्या निशाण्यांची गर्दी. त्याने सेटिंगमध्ये जाऊन सगळे वेपॉइंट, म्हणजे साठवलेल्या जागा, पुसले. नंतर तो म्हणाला, “सर, मला वाटलं जुन्या कुणाच्या तरी खुणा हायत. नावं बी नव्हती वो, नुसतं शून्य-एक-दोन, शून्य-एक-तीन.” यात त्याला फार दोष देता येत नाही. नावं खरोखरच नव्हती. या यंत्रावर नाव लिहायचं तर बारक्या काडीने एकेक इंग्रजी अक्षर निवडावं लागतं, आणि गुडघाभर चिखलात ते कोण करणार? यंत्र आपोआप जो क्रमांक देतं तोच राहिला होता.

पुसणं एका मिनिटाचं. त्याहून वाईट पुढे झालं. दोन दिवस यंत्र चालू होतं आणि चाललेल्या वाटेची नोंद त्याच मेमरीत लिहीत होतं.

साठवण कशी असते ते इथे थोडं सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. या जातीचं यंत्र केबलने कॉम्प्युटरला जोडलं की पेनड्राइव्हसारखं उघडतं. आत ‘गार्मिन’ नावाचा फोल्डर, त्यात ‘जीपीएक्स’ नावाचा फोल्डर, आणि त्यात त्या त्या दिवशीच्या बिंदूंची तारखेच्या नावाची एकेक फाइल. जीपीएक्स म्हणजे साधा मजकूर. नोटपॅडमध्येही वाचता येतो. एकेका बिंदूचे अक्षांश-रेखांश, नाव, निशाणी आणि साठवल्याची वेळ. फाइल पुसली की यंत्र तो मजकूर खरवडून काढत नाही. यादीतली नोंद रद्द होते आणि ती जागा ‘रिकामी’ म्हणून जाहीर होते. हजेरीपटावरचं नाव खोडलं, पण पोरगं अजून बाकावरच बसलंय, असा प्रकार. दुसरं कुणी येऊन त्या बाकावर बसेपर्यंत ते तिथेच असतं. मोहिमेची वाट म्हणजे हे दुसरं कुणी.

म्हणून सरांना सांगितलं की सेल काढा आणि यंत्राला हात लावू नका. ते नुसतं चालू केलं तरी वाट नोंदवायला लागतं, टेबलावर पडून असलं तरी. मध्यंतरी एका दुकानात त्यांना “फॉरमॅट मारून बघू” असा सल्ला मिळाला होता. सर गोड हसून परत आले.

यंत्र हातात आल्यावर लगेच त्यात शोधाशोध करण्याचा मोह होतो. आपल्याकडे काखेत कळसा गावाला वळसा घालायची सवय आहे, म्हणून आधी घर धुंडाळलं. सरांच्या कॉम्प्युटरवर काही नव्हतं. पण २०१९ च्या सप्टेंबरमध्ये एका विद्यार्थिनीने गूगल अर्थवर नकाशा करण्यासाठी बिंदू मागितले होते आणि सरांनी तिला केएमएल फाइल मेलने पाठवली होती. ती मेलमध्ये तशीच होती. ‘पाठवलेले’ हा फोल्डर हा आपल्या देशातला सगळ्यात मोठा नकळत झालेला बॅकअप असावा. २०१९ चे बरेचसे बिंदू एका फटक्यात हाती आले.

त्या फाइलमध्ये दोन उणिवा होत्या. पहिली, तिच्यात जागा आणि क्रमांक होते पण वेळ नव्हती. रूपांतर करताना ती गळली होती. दुसरी उणीव फाइलची नव्हे, माणसांची. केएमएलमध्ये आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहितात. जीपीएसच्या पडद्यावर आणि आपल्या बोलण्यात क्रम उलटा असतो. कुणीतरी त्यातले काही आकडे एक्सेलमध्ये हाताने उतरवताना दोन्हींची अदलाबदल केली होती. कोल्हापूर साधारण १६.७ उत्तर आणि ७४.२ पूर्व. हेच उलटं टाकलं की बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला थंड समुद्रात जाऊन पडतो. ही चूक निदान डोळ्यांत भरते. वाईट चुका त्या, ज्या कोल्हापुरातच राहतात. त्यांच्याकडे येतोच.

२०२१ चे बिंदू मात्र कुठेच नव्हते. ते यंत्रातूनच काढायचे होते.

इथे पहिला नियम असा की मूळ यंत्रावर काम करायचं नाही. त्याची हुबेहूब प्रत काढायची आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करायचे. नुसत्या फायलींची प्रत नव्हे. पुसलेल्या फायली कॉपी होतच नाहीत. मेमरीच्या पहिल्या खान्यापासून शेवटच्या खान्यापर्यंत, रिकाम्या म्हटलेल्या जागेसकट. मी हे लिनक्सच्या एका जुन्या लॅपटॉपवर करतो, कारण तिथे जोडलेलं यंत्र आपोआप उघडू नये अशी सोय करता येते आणि मग ‘डीडी’ या साध्या आज्ञेने पूर्ण प्रत निघते. विंडोजला जोडलं की ते न विचारता आपले एखाद-दोन फोल्डर तिथे लिहून मोकळं होतं. वर कधी कधी ‘या ड्राइव्हमध्ये अडचण आहे, दुरुस्त करू का?’ असंही विचारतं. अशा वेळी होकार देणं म्हणजे उरलेल्या बाकांवर नवी पोरं बसवणं. ईट्रेक्स २० ची मेमरी पावणेदोन जीबीच्या आत आहे, त्यामुळे प्रत एका पेनड्राइव्हवर मावली. नव्या यंत्रांपैकी काही कॉम्प्युटरला फोनसारखी, एमटीपी पद्धतीने जोडली जातात. तिथे मेमरीची अशी खानेनिहाय प्रत केबलवरून घेता येत नाही. या प्रकरणात यंत्र जुनं असणं पथ्यावर पडलं.

प्रतीवर फोटोरेक चालवलं. नाव फोटोंचं असलं तरी हा मोफत प्रोग्रॅम बऱ्याच प्रकारच्या फायली त्यांच्या सुरुवातीच्या खुणेवरून ओळखतो आणि पुसलेल्या जागेतून उचलून बाहेर काढतो, त्यात जीपीएक्सही आहे. यादी तो बघतच नाही, त्यामुळे फायलींची मूळ नावं आणि तारखा मिळत नाहीत. एकेका दिवसाचे पंधरा-वीस बिंदू म्हणजे काही केबींची फाइल. इतकी लहान फाइल मेमरीत बहुधा सलग एकाच जागी असते, म्हणून अखंड सापडते. वाटांच्या फायली मोठ्या आणि तुकड्यातुकड्यांत विखुरलेल्या, त्या अर्ध्याच मिळतात. आपल्याला वाटा नकोच होत्या.

काही फायली मधेच तुटलेल्या निघाल्या. पहिले सात-आठ बिंदू ठीक, नवव्याचा अक्षांश अर्धा, आणि पुढे पावनखिंडीच्या वाटेचा मजकूर. अशी फाइल कुठलाच नकाशा प्रोग्रॅम उघडत नाही, चुकीची आहे म्हणून सरळ नाकारतो. मजकूर असल्याचा फायदा इथे होतो. तुटलेला बिंदू काढून टाकायचा, शेवटी फाइल बंद करणारा टॅग हाताने लिहायचा, की ती क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये निमूट उघडते. त्यानंतर पूर्ण प्रतीत बिंदू सुरू होतानाचा ठरावीक मजकूर शोधला. फाइलचं डोकं पुसलं गेल्यामुळे फोटोरेकला न दिसलेले काही बिंदू असे सुटे मिळाले.

आता उलटी अडचण झाली. बिंदू कमी नव्हे, जास्त निघाले. यंत्रात एखादा बिंदू नंतर हलवला किंवा त्याची निशाणी बदलली की त्या दिवसाची फाइल नव्याने लिहिली जाते आणि जुनी आवृत्ती मागे पडून राहते. एकच ०१४ तीन ठिकाणी सापडला, त्यातल्या दोन ठिकाणी जागा सारखी आणि तिसरीकडे पंधरा मीटरने सरकलेली. शिवाय २०१९ चा ०१४ वेगळा आणि २०२१ चा ०१४ वेगळा, कारण मधे कधीतरी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू केले होते. क्रमांकावर विसंबून चालणार नव्हतं. जीपीएक्समधली वेळ हाच एक विश्वासाचा धागा होता.

आणि वेळ जुळेना. वहीत लिहिलंय चिखली, सकाळी ९.४०. फाइलमधले बिंदू मात्र पहाटे चार-सव्वाचारपासूनचे. सरांचा एक विद्यार्थी म्हणाला, यंत्राचं घड्याळच बिघडलेलं असणार. सर वहीवर ठाम, “पहाटे चारला तालीम उघडी असते, पण आम्ही नव्हतो तिथं.” घड्याळ बरोबर होतं. जीपीएक्स फाइलमध्ये वेळ नेहमी जागतिक प्रमाणवेळेत लिहितात. पडद्यावर दिसणारी स्थानिक वेळ फक्त दाखवण्यापुरती असते. आपली वेळ साडेपाच तासांनी पुढे. ४.१० मध्ये ५.३० मिळवा, ९.४०. सगळ्या फायलींना ही बेरीज लावली आणि वही शेजारी उघडून ठेवली, तेव्हा नोंदी पटापट जागेवर बसायला लागल्या. वहीतल्या दोन नोंदींमध्ये वीस मिनिटांचं अंतर, तर फाइलमधल्या दोन बिंदूंमध्येही वीसच. मधे कुठेतरी चहा झाला असेल तर तोही दिसतो. माझ्या मते या प्रकरणातलं खरं साधन फोटोरेक नव्हतं, वहीच्या समासात लिहिलेली ती वेळ होती. वेळ लिहिली नसती, तर आमच्या हातात पूरक्षेत्रातले काही शे निनावी ठिपके असते आणि कुठल्या ठिपक्याला ६ फूट ४ इंच लावायचं हे कुणालाच खात्रीने सांगता आलं नसतं.

जे बिंदू यंत्रातून मिळालेच नाहीत त्यांच्यासाठी वहीतले आकडे वापरले. सर पहिल्यापासून काटेकोर, म्हणून पोरांनी बऱ्याच ठिकाणी पडद्यावरचे अक्षांश-रेखांशही लिहून घेतले होते. पण लिहिणारे हात वेगवेगळे. यंत्र अंश आणि दशांश मिनिटं दाखवतं, म्हणजे १६ अंश ४२.२५० मिनिटं. एकाने टिंबासकट लिहिलं. दुसऱ्याने १६ ४२ २५० असं मोकळं लिहिलं. मग टाइप करताना तिसऱ्याने ते १६ अंश ४२ मिनिटं २५.० सेकंद असं वाचलं. खरं तर ०.२५० मिनिटं म्हणजे १५ सेकंद. दहा सेकंदांचा फरक म्हणजे उत्तर-दक्षिण तीनशे मीटरहून जास्त. ही ती कोल्हापुरातच राहणारी चूक. बिंदू नकाशावर बरोबर दिसतो, नदीही जवळच असते, फक्त घर दुसरंच असतं.

शेवटचे तीन आकडे ६०० किंवा त्याच्या वर असतील तर प्रश्नच नाही, साठ सेकंद नसतात, म्हणजे ती दशांश मिनिटंच. खाली असतील तर दोन्ही वाचनं शक्य. अशा प्रत्येक नोंदीचे दोन ठिपके उपग्रह चित्रावर टाकले. एक घरावर पडायचा आणि दुसरा बहुतेक वेळा उसात. वहीत ‘शाळेची कंपाउंड भिंत’ असेल आणि ठिपका उसाच्या मधोमध असेल तर वाद उरत नाही. शाहूपुरीसारख्या दाट वस्तीत हा उपाय लंगडा पडला. तिथे दोन्ही ठिपके घरांवरच. ते सोडवायला सर स्वतः जाऊन आले आणि गल्लीतल्या एका आजींनी “पाणी हितवर हुतं, ह्या खिळ्यापातूर” असं सांगून एक नोंद पक्की केली.

अखेर हिशेब असा झाला. २०१९ चे जवळपास सगळे बिंदू मिळाले. २०२१ मधले मोठ्या संख्येने परत आले, पण शिरोळ तालुक्यातल्या एका दिवसाची पूर्ण फाइल गेली. तिच्यावर मोहिमेची वाट लिहिली गेली होती आणि त्या दिवशी वहीत आकडेही उतरवलेले नव्हते. फक्त घरांची वर्णनं आणि उंची. त्यांतली काही घरं ओळखून पुन्हा गाठता येतील. दोन-तीन तर पाडून नवी बांधली आहेत.

सरांशी माझा मतभेद झाला तो तक्त्यावरून. ज्या बिंदूची शंका आहे तो यादीत ठेवायचाच नाही, असं त्यांचं मत. माझं म्हणणं, ठेवा, पण शेजारी एक रकाना करा: यंत्रातून अखंड मिळालेला, मेलमधून आलेला, वहीवरून बसवलेला. शंकेखोर बिंदू वगळला की पुढच्या माणसाला तिथे कधी काही मोजलं होतं हेच कळत नाही. रकाना झाला. सर अजून त्याच्याकडे नाराजीने बघतात.

यापुढची व्यवस्था बघितली तर कंटाळवाणी आहे, आणि तशीच हवी. मोजणीहून आल्यावर त्याच संध्याकाळी यंत्र जोडायचं आणि ‘जीपीएक्स’ फोल्डर पूर्णच्या पूर्ण, निवडानिवड न करता, तारखेच्या नावाने कॉपी करायचा. वहीच्या त्या दिवसाच्या पानांचे फोटो त्याच फोल्डरमध्ये टाकायचे. हे दुसरं काम लोक हमखास विसरतात आणि इथे तर निम्मा डेटा वहीतच आहे. एक प्रत सरांच्या कॉम्प्युटरवर, एक गूगल ड्राइव्हवर, एक पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह आधी ज्या घरी ठेवायचं ठरलं ते तळमजल्यावर आणि २०१९ च्या रेघेच्या आत होतं. ते मीच नकाशावर बघून सांगितलं तेव्हा सगळेच हसले. आता तो उंचावरच्या एका घरी असतो.

यंत्रात मेमरी कार्ड घालून प्रश्न सुटेल, असं एकाने सुचवलं होतं. या मॉडेलमध्ये कार्ड असलं तरी नवे बिंदू आतल्या मेमरीतच जातात, त्यामुळे नाही सुटत. यंत्रात वेगळं प्रोफाइल करून द्यावं, हेही चालत नाही. प्रोफाइल बदललं की पडद्याची मांडणी बदलते, बिंदू सगळ्यांना तेच दिसतात आणि पुसले तर सगळ्यांचेच पुसले जातात. उसनं द्यायचं तर आधी कॉपी करा, मग यंत्रातून स्वतःच पुसा आणि रिकामं द्या. मोहिमेवरून आलं की फायली परत त्याच फोल्डरमध्ये टाका आणि यंत्र सुरू करा, बिंदू नकाशावर येतात. आम्ही हे करून पाहिलं. आधीचे बिंदू न पुसता तीच फाइल पुन्हा टाकली तर प्रत्येक जागा दोनदा दिसते, आणि ईट्रेक्स २० ची मर्यादा दोन हजार बिंदूंची आहे, एवढं लक्षात ठेवावं लागतं.

आता पोरांपैकी दोघे वहीवरून नावं बसवताहेत, म्हणजे ०१४ च्या जागी गाव आणि भिंत दिसेल. नावं कॉम्प्युटरवरच लिहायची, यंत्राच्या काडीने नाही. उंची अजून फूट-इंचात आहे. राजाराम बंधाऱ्याचा आकडाही फुटांतच सांगतात, म्हणून सर ती तशीच ठेवणार आहेत. मीटरचा रकाना शेजारी येईल. शिरोळकडची राहिलेली घरं पावसाआधी गाठायची आहेत, आणि यंत्र तेव्हा मोहिमेवर असणार नाही असं सरांनी आत्ताच सांगून ठेवलं आहे.